कानाच्या उंचीवर

दिवाणावर बसल्यावर कान जिथं येतात
तिथं स्पीकर लावा, असं पुस्तिकेत छापलंय.
म्हणून मी बसले, मान सरळ,
आणि सुकुमारनं टेप धरली :
तीन फूट आठ इंच.

रियाज नदाफ मिरजेहून आलाय.
त्याच्या कानावर पेन्सिल.
तीन फूट आठवर खूण केली,
मग वर बघितलं, पाच फूट दोनला,
आणि स्वतःच खोडली.
विचारलं काही नाही.
शामरावनगरात भिंतीवरची रेघ कसली
हे मिरजेच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दोनदा रंग दिला या भिंतीला.
पहिला मोतिया, दुसरा जरा महागातला.
जुलै आला की ओल आतून वर येते
आणि नेमकी तिथंच थांबते,
धुतल्या लुगड्याचा काठ दिसावा तशी.
तिच्याच खाली पार्श्वच्या उंचीच्या खुणा होत्या,
बालवाडी, पहिली, दुसरी, शाळेच्या पेन्सिलीनं.
त्या गेल्या. तो मात्र यंदा
रेघेच्या वर चार बोटं निघालाय.

"वैनी, वरच घेऊया की," रियाज म्हणाला.
"मग आवाज डोक्यावरनं जाईल त्याचं काय?"
सुकुमारला पैसे दिल्याचं दुःख होतं,
त्यात आता पुस्तिका मोडायचं.
शेवटी ब्रॅकेट तिरके केले.
पाच स्पीकर, पाचही माना खाली घालून,
सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांसारखे.

सबवूफर तेवढा राहिला.
तो जमिनीवरच बसतो.
"जड आवाजाला दिशा नसती," रियाज सांगत होता,
"कुठंही ठेवा, सगळीकडनं येतोय."
मी आतून चौरंग आणून दिला.
कुणी हसलं नाही.

मागच्या दोघांच्या वायरी दिसायला नकोत,
म्हणून जुन्या पाइपात स्प्रिंग घातली.
इकडून रियाज ढकलतोय, तिकडून पार्श्व ओढतोय,
आणि त्या टोकाला वायरीआधी
गाळ आला.
वाळलेला, मैद्याएवढा बारीक, करडा.
ओंजळभर तरी असेल.
इतकी वर्षं भिंतीत बसून होता,
पंखा चालू होता, दिवे चालू होते त्याच्याच शेजारून.

आप्पांनी तळहातावर घेतला, चोळला,
नाकाशी नेला.
"मळई हाय," म्हणाले, "हळदीला झकास."
मी केरसुणी आणेपर्यंत
तो कढीपत्त्याच्या कुंडीत गेला होता.

साडेपाचला जोडणी झाली.
पहिल्यांदा नुसती खरखर,
समोर डावीकडे, मधे, समोर उजवीकडे,
मग मागं, मग मागं डावीकडे,
जणू कुणी घरभर फिरून
दारं-खिडक्या लावलेत का बघतंय.
"बरोबर," रियाज म्हणाला. बिल लिहायला बसला.

मग पार्श्वनं नमुन्याचं काहीतरी लावलं.
कुठल्यातरी परक्या देशातला ओढा.
आधी समोर दगडांवरून,
मग हळूच कडेनं,
मग दिवाणाच्या मागून, अगदी मानेजवळून.
खोलीत सगळीकडं पाणी
आणि फरशी कोरडी.

आप्पांनी दोन्ही पाय वर घेतले.
घाईनं नाही. चहाच्या कपाला
धक्का लागू नये इतक्या सावकाश.
मांडी घालून बसले.
सुकुमारनं वाकून माझ्या पायाकडे बघितलं
तेव्हा मला कळलं, मीही चवड्यांवर उभी आहे.

"याचं बटण कंचं रं?"
पार्श्वनं रिमोट त्यांच्या हातात दिला, बोट धरून दाखवलं.
त्यांनी दाबलं. पाणी थांबलं.
परत दाबलं. आलं.
थांबवलं.
आणलं.

रियाजला पैसे दिले, जिन्यापर्यंत सोडलं.
आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात,
उजेड अजून होता,
मी भाकरीचं पीठ काढलं.
आतून ओढा येत होता, जात होता,
मधेच बराच वेळ नुसतं काही नाही,
मग परत.
हाक मारली तर म्हणाले, "आलो."
ताट वाढून झालं, भाकरी निवायला लागली,
तरी पाय काही त्यांनी
खाली सोडले नव्हते.